मोज्यांना चिकटलेला मुलूख

भाड्याने खोली देण्याआधी लोक पगार विचारतात, लग्नाचं विचारतात, मासे खाता का ते आडून आडून विचारतात. काकूंनी माझे बूट विचारले. जुनी इंदूर भागातल्या एका बोळात मी बॅग घेऊन उभी होते आणि फाटकाच्या आत एक ठेंगणीशी बाई कमरेवर हात ठेवून माझ्या पायांकडे बघत होती. चेहऱ्याकडे तिने अजून पाहिलंच नव्हतं.

"कुठून आलीस?"

"रत्नागिरीकडून. समुद्राकाठी गाव आहे आमचं."

"हे बूट तिकडूनच घालून आलीस?"

"हो."

"मग बाहेरच झटक बेटा. तळवे पण. और वो लेस के छेद बघ, तिथे बहुत फसतं."

मला वाटलं, इंदूरला स्वच्छतेचा सोस आहे म्हणतात तो हाच. मी मुकाट्याने बूट आपटले. काकूंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, फाटकाबाहेर येऊन खाली पडलेली माती काडीने उकरून पाहिली, कागदात गोळा केली आणि "कुछ नहीं" म्हणाल्या. चांगल्याच हिरमुसल्या होत्या. भाडं, किल्ल्या, पाण्याची वेळ वगैरे फालतू गोष्टी नंतर काकांनी सांगितल्या.

मी पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, रविवारी झोप. पहिल्याच रविवारी दुपारी उठून गॅलरीत आले तर मागच्या अंगणात काकू धुण्याच्या दगडावर बसलेल्या. अंगात सलवार-कमीज आणि सलवारीवरून गुडघ्यापर्यंत ओढलेले जाड पांढरे लोकरीचे मोजे, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे असतात तसले. पांढरे म्हणजे मुळात पांढरे. आत्ता त्यांच्यावर कुसळं, काटे, बोंडं, चिकट बिया असं सगळं रान चढलेलं होतं. भुवया कोरायच्या चिमट्याने काकू त्यातली एकेक बी उपटत होत्या, उजेडात धरत होत्या, पुटपुटत होत्या आणि मग फरशीवर टाकून देत होत्या.

"काकू, असे मोजे कशाला घालता? सगळंच चिकटतं."

"म्हणूनच तर घालते. डोळ्यांना ना, जे आवडतं तेच दिसतं. मोज्यांना सगळंच चिकटतं. मोजे झूठ नहीं बोलते."

काकू एका विमा कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आणि ती कारकुनी काकूंच्या रक्तात उतरली असावी, कारण त्यांनी स्वतःला एक जगावेगळं काम लावून घेतलं होतं. नकाशावर इंदूर आणि आजूबाजूच्या मुलखाचे त्यांनी सारखे चौकोन पाडले होते. दर रविवारी एक चौकोन घ्यायचा, तो पायी फिरायचा आणि त्यात आपणहून उगवलेली प्रत्येक वनस्पती लिहायची. याला त्या "हजेरी घेणं" म्हणत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. कशासाठी करता, असं विचारलं की त्या खरोखर गोंधळून जात. "अगं, राहतो इथे आपण," म्हणत, "शेजारी कोण आहे ते माहीत नको?"

हजेरीचे कायदे मात्र कोर्टापेक्षा कडक होते. लावलेलं झाड धरायचं नाही. दुसऱ्याने पाहिलेलं धरायचं नाही. फोटो धरायचा नाही. चालत्या गाडीवरून ओळखलं तरी धरायचं नाही. उतरायचं, जवळ जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. "लग्नाला बोलावलं तर फाटकावरून हात हलवून जाते का कोणी?" आणि सगळ्यात छळणारा कायदा गाजरगवताचा. तो पांढऱ्या फुलांचा उपद्रव प्रत्येक चौकोनात असायचाच. तरी काकू प्रत्येक ठिकाणी त्याच्यासमोर उभ्या राहून, नीट बघून, मग लिहायला सांगायच्या.

"काकू, ते गृहीत धरू ना आता."

"गृहीत कसं? हजर आहे तर हजेरी लागणार. सगळ्यांना नको असतं म्हणून त्याचं नाव खोडायचं का?"

यात मी कशी ओढली गेले, तर मर्यादावेलीमुळे. एकदा जिन्यात अडवून काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे वाळूत मर्यादावेल असते ना? पान कसं असतं गं तिचं, खरंच मधून दुभंगलेलं?" मी म्हटलं, असली वेल मी कधी पाहिली नाही. काकूंनी वर्णन केलं: जाड पान, गुलाबी फूल, भरतीच्या रेषेवर पसरते. तेव्हा कळलं की लहानपणापासून मी जिच्यात पाय अडकून पडत आले ती हीच. समुद्र न पाहिलेल्या बाईने मला माझ्या घरापुढची वेल सांगितली याचा मला आधी राग आला आणि मग हसू आलं. पुढच्या रविवारी मी स्कूटी काढली. त्यानंतर माझी रविवारची झोप गेली ती गेलीच.

काकू मागे बसल्या की प्रवास संपायचाच नाही. त्या बोटाने माझ्या हेल्मेटवर टकटक करायच्या. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे मागे घे. शहराबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात सतार वाजायला लागायची. रस्त्याकडेला उभी असलेली बाई उकिरड्याच्या कडेला वाकून "अरे, तू इधर कैसे?" असं कोणाला तरी विचारते आहे आणि खाली फक्त टाकळा आहे, हे दृश्य इतरांना कसं दिसत असेल याची मला पहिल्यांदा लाज वाटे. पुढे पुढे मीही आघाड्याला ओळख द्यायला लागले. डब्यात थालीपीठ आणि त्याच्यावर मूठभर शेव. शेवेशिवाय काकू देवाचा प्रसादही खात नसाव्यात. बांधावर बसून खाताना त्या इतक्या खुशीत असत की त्यांच्याकडे बघूनच माझा आठवड्याचा शीण जाई.

काका या सगळ्यापासून चार हात लांब. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र पायजमा घालणारा शांत माणूस. "मी गेलो होतो एकदा," ते मला म्हणाले, "लग्न नवीन होतं तेव्हा. पायजमा गेला." पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांचं भांडण मागच्या अंगणाशी होतं. काकू मोजे घरी येऊनच साफ करत, कारण एका चौकोनातली बी दुसऱ्यात सांडली तर हजेरी नासली. दरवाजाबाहेर झटकलं तर बोळ नासला. म्हणून सगळं त्या धुण्याच्या दगडाशी. परिणाम असा की फरशीच्या प्रत्येक फटीतून काही ना काही वर आलेलं, आणि ते उपटायचं नाही असा हुकूम. अख्खी गल्ली ओटे घासूनपुसून लखलखीत ठेवणारी आणि मधेच हे.

"आंटी, पूरे शहर में एक आपका ही आँगन बचा है साफ होने को," समोरचे किराणावाले भिया, म्हणजे इंदूरी भैया, म्हणायचे.

"साफच आहे ना भिया, प्लास्टिक दाखवा एक."

आता निसुर्डीबद्दल सांगायला हवं, कारण काकूंचा जीव तिच्यात अडकला होता.

काकूंना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर होते. ते वर्गात सांगत की लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीने इंदूरजवळच्या बेटमा गावाकडे जाताना त्यांनी निसुर्डी पाहिली होती. खाली मोठं खरखरीत पान, वर विंचवाच्या नांगीसारखी वळलेली दांडी, तिच्यावर बारीक फिकट निळी फुलं आणि फळाला कपड्यात अडकणारे आकडे. पण निसुर्डी ही सह्याद्रीकडची; ती माळव्यात काय करते? जाणकारांनी मान हलवली. सरांच्या मागे लोक हसायचे. सर शेवटपर्यंत तेच सांगत राहिले आणि एक दिवस गेले. काकूंचा सरांवर पूर्ण विश्वास होता. पण दुसऱ्याने पाहिलेलं धरायचं नाही हा कायदाही सरांनीच शिकवलेला, त्यामुळे सरांच्या शब्दावर सरांचीच निसुर्डी लिहिता येईना. ती स्वतः बघायची आणि सरांचं खरं करायचं, एवढंच काकूंना हवं होतं.

आणि गुडघे संपत आले होते.

तुकोगंजच्या डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले होते. नवे गुडघे चालतील, पण उकिडवं बसणं, नाल्यात उतरणं कायमचं बंद. काकूंनी घरी येऊन नकाशा पसरला. बेटम्याच्या बाजूचे थोडे चौकोन उरले होते, आणि एक आपल्या घराचा. घरचा चौकोन त्यांनी पहिल्यापासून शेवटी ठेवला होता, ताटातलं गोड उरवून ठेवतात तसा. "होळीपर्यंत बेटमा करून टाकू," त्या म्हणाल्या, "मग कापा म्हणावं काय कापायचं ते."

ती थंडी मला विसरता येणार नाही. काकू काठी घेऊन चालत. दर दहा पावलांनी थांबत आणि माझी नजर गेली की एखाद्या झाडाकडे बघत असल्याचं दाखवत. घरी आल्यावर त्या दगडावर बसतही नव्हत्या, कारण बसलं की उठवत नसे. उभ्यानेच मोजे काढून दगडावर सपासप आपटायच्या आणि आत जाऊन आडव्या व्हायच्या. चिमटा तसाच खिडकीत पडलेला असे. "मोज्यांची हजेरी राहिली गं," म्हणायच्या, पण उठायचं त्राण नसे.

त्याच थंडीत बेटम्याच्या अलीकडच्या एका खेड्यात गंमत झाली. काकू बांधावर बसून भिंगातून खाली बघत होत्या, मी नकाशा धरून उभी. हळूहळू गर्दी जमली. एक पागोटेवाले दादाजी पुढे आले.

"मैडम, याँ से सड़क निकलेगी कईं?"

"नहीं दादा, हम तो घास देखते हैं," काकू म्हणाल्या.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. नकाशा आहे, चौकोन आहेत, भिंग आहे, आणि म्हणे गवत. दादाजींनी मला बाजूला घेतलं. "बेन, थे तो साँची बताओ." मीही गवतच सांगितलं. त्यांनी समजुतीने मान डोलावली. "समझ गया. ऊपर से मना होगा बताने को."

त्यानंतर जे आदरातिथ्य झालं ते जावयालाही मिळत नसेल. चहा आला, शेव आली, सावलीत खाट आली. एकाला सडक आपल्या शेतातून हवी होती, त्याच्या शेजाऱ्याला अजिबात नको होती. दोघेही काकूंना आपापला बांध दाखवायला ओढू लागले. एरवी जिथे कुत्री अंगावर सोडतात तिथे काकूंसाठी काट्यांची फाटकं उघडत गेली. दादाजींनी त्यांचा हात धरून त्यांना नाल्याच्या कडेकडेने पूर्ण शिवार फिरवलं. मागे पन्नासेक माणसं, सगळी एकदम बोलणारी. निघताना काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आपके यहाँ सब हाज़िर है." गाव खूश झालं. परत येताना स्कूटीवर मागे त्या इतक्या हसत होत्या की मला गाडी थांबवावी लागली.

पण निसुर्डी नव्हती. शेवटचा चौकोन फेब्रुवारीत झाला. एका पुलाच्या कठड्यावर काकू बसल्या आणि काठी बाजूला ठेवली.

"नसेलच," मग म्हणाल्या. "सर लहान होते तेव्हा. वेगळंच काही बघितलं असेल."

इतक्या रविवारांत त्यांच्या तोंडून सरांबद्दल अशी शंका मी ऐकली नव्हती. मला फार वाईट वाटलं. काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, घरचा चौकोन राहिलाय ना अजून. "हो," त्या म्हणाल्या, "तिथे गाजरगवत असेल."

पावसाळ्याच्या तोंडावर ऑपरेशन झालं. काकू दवाखान्यात असताना गल्लीने काकांना गाठलं: भाईसाहब, हाच मौका आहे, अंगण साफ करून टाका, आंटी आल्या की खूश होतील. काकांनी खुरपंवाला माणूस बोलावलासुद्धा. मी गॅलरीतून बघत होते. काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले, पायजमा वर धरून सगळीकडे नजर फिरवली, मग त्या माणसाला चहा पाजला आणि परत पाठवून दिलं. मला बघून म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय कसं?" नंतर पावसाने अंगण माजलं. काकू पुढच्या खोलीत पलंगावर, मग खुर्चीत, मग वॉकर धरून दारापर्यंत. मागे जायची त्यांना मनाई होती, फरशी निसरडी म्हणून.

भाद्रपदात ऊन पडलं आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. काकूंनी लगेच घरचा चौकोन काढला. वॉकर खडखडवत त्या बोळातून निघाल्या, मागे लिहायला मी. गटाराच्या कडेला, ओट्याच्या सांध्यात, विजेच्या खांबापाशी, जिथे मला नुसतं सिमेंट दिसत होतं तिथे त्यांना कोणी ना कोणी भेटत होतं. "आंटी, गल्ली में जंगल ढूँढ रही हो?" किराणावाले भिया म्हणाले. काकूंनी वॉकरने त्यांच्याच पायरीखालची दुधी, चिकाची इवलीशी रानवनस्पती, दाखवली. भियांनी वाकून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिला पाणी घालायला लागले. तेव्हा काकूंनी तिचं नाव खोडलं; पाणी घातलेलं धरायचं नाही.

सगळ्यात शेवटी मागचं अंगण. वॉकर मागच्या दारातून बाहेर आला, खडखड करत दगडापर्यंत गेला आणि थांबला. मी पेन उघडून वाट बघत राहिले.

दगडाच्या पलीकडे, नळाचं पाणी झिरपतं तिथे, एक खरखरीत पानांचं झाड उभं होतं. वर वळलेली दांडी. तिच्यावर फिकट निळी, अगदी बारीक फुलं.

"तू दिवाळीला घरी गेली होतीस," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"गेले होते."

"डोंगरात गेलीस कुठे? सच बोल."

"नाही हो. घर आणि समुद्र."

"पायात काय होतं?"

"चपला. आणि आल्यावर त्याही फाटकाबाहेर आपटून घेतल्यात तुम्ही. दोनदा."

"तुझे मोजे कुठे धुतेस?"

"वर. बादलीत. काकू, मी आणलेली नाही ही."

आमचा आवाज ऐकून काका आले. त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी झाडाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, मग गणिताच्या मास्तराच्या आवाजात म्हणाले, "सोपं आहे. इथे फक्त तुझे मोजे झटकले जातात. म्हणजे तूच आणलीस."

"पण मी प्रत्येक बी बघून टाकते. निसुर्डीची बी मी सोडली असती?"

"मागच्या थंडीत कुठे बघत होतीस? नुसते आपटत होतीस."

काकूंनी एक हात वॉकरवरून काढून दगडाकडे नेला, टेकायला. मी धावत खुर्ची आणली. त्या बसल्या आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. "म्हणजे ती आहे," म्हणाल्या. "बेटम्याकडेच आहे कुठेतरी. मी तिला घासून गेले, ती माझ्या मोज्यावर बसून घरी आली, आणि मी आपली गुडघे कुरवाळत होते. सर बराबर बोलत होते गं. सर बिलकुल बराबर बोलत होते."

"मग लिहू ना? सापडली."

"सापडली कुठे? ती आली. मी झटकली म्हणून आली. ही नाही धरायची. आता मला तिच्याकडे जायला पाहिजे."

दसऱ्यानंतरच्या रविवारी रिक्षा ठरवली. वॉकर ठेवायचा म्हणून रिक्षाच हवी होती. मी स्कूटीवर पुढे. मागच्या थंडीतले चौकोन एकेक करून पुन्हा बघायचे होते, आणि आत उतरता येणार नसल्याने काकू कडेला बसून मला सांगणार होत्या. रिक्षा दारात आली तेव्हा काका बाहेर आले, ओट्यावर बसले आणि इस्त्रीच्या पायजम्यावर काकूंचे पांढरे मोजे चढवायला लागले. गुडघ्यापर्यंत ओढून त्यांनी नीट सारखे केले.

"अहो, पायजमा जाईल," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे."

पहिलाच चौकोन दादाजींच्या गावचा निघाला. गावाने काकूंना लांबूनच ओळखलं. मैडम परत आल्या, रिक्षा करून आल्या, बरोबर वजनदार साहेब आणला, म्हणजे सडक मंजूर. साहेब मोजे घालून सरळ नाल्याकडे निघाले. काकू वर खुर्चीत. काका खाली झुडपांतून वाकत, प्रत्येक पानाला हात लावत, "हे का? हे का?" विचारत चालले होते. काकू वरून "आघाडा", "तोही आघाडाच", "अहो ते बाभळीचं रोप" असं सांगत होत्या. मी पलीकडच्या काठाने बघत होते. असा बराच वेळ गेला.

मग काकांचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश. "अगं, इथे निळं आहे काहीतरी."

मी धडपडत तिथे पोचले. तीच होती, एक नाही, करवंदीच्या आडोशाला पाच-सहा. मी वर ओरडून सांगितलं. काकू खुर्चीतून उठल्या, वॉकर धरून काठाशी आल्या, मान उंच केली. करवंदी मधे येत होती. काही दिसेना.

"फोटो काढते काकू," मी म्हटलं आणि म्हणतानाच गप्प झाले. काकांनी पाहिलेलं धरायचं नाही. मी पाहिलेलं धरायचं नाही. फोटो धरायचा नाही. काकू नुसत्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायांपासून निसुर्डीपर्यंत फार तर एका घराचं अंतर होतं.

दादाजींनी हे सगळं पाहिलं. काय चाललंय ते त्यांना कळलं नसावं, पण मैडमना खाली जायचंय एवढं कळलं. "खाट लाव," ते मागे बघून म्हणाले.

खाट आली. तीच, जिच्यावर आम्हाला मागच्या वेळी चहा मिळाला होता. काकूंना वर बसवलं, चौघांनी चार पाय धरले, दोघं पुढून आधार द्यायला उतरले, आणि अर्धं गाव "धीरे, धीरे" म्हणत त्यांना नाल्यात घेऊन निघालं. काकू दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून ताठ बसल्या होत्या, चष्मा आधीच डोळ्यांवर चढवलेला. शेवटच्या उतारावर खाट एका बाजूला कलली तेव्हा काकांनी आपला खांदा खाली लावला. पायजम्याचा रंग आता सांगता आला नसता.

खाट झाडांशेजारी टेकवली. काकूंनी भिंग काढलं. त्यांनी पान पाहिलं, उलटून पाहिलं, फूल पाहिलं, फळाचे आकडे एकेक करून पाहिले. किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. मला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात वही, एकात पेन.

"सड़क पक्की याँ से निकलेगी," दादाजी मागे कोणाला तरी हळूच म्हणाले.

काकूंनी भिंग खाली ठेवलं. काकांकडे पाहिलं, त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं. मोजे आकड्यांनी भरले होते. मग माझ्याकडे वळल्या. "लिही," म्हणाल्या. "निसुर्डी. हजर."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"झालं लिहून?"

"झालं."

"बस, इतकंच?" काकू म्हणाल्या. "तुझ्या मागे गाजरगवत उभं आहे. त्याचं कोण लिहिणार?"